तुळस, सब्जा आणि पाणी घालणारे हात

आमच्या शेताच्या वाटण्या झाल्या तेव्हा सरकारी मोजणी आली. दोन दिवस काम चालले. नकाशावर विहीर आली, बांध आले, बैलगाडीची वाट आली. विहिरीच्या अंगाला हातभर उंचीचा एक दगडी ओटा आहे. पणजोबांना तिथे अग्नी दिला होता. ओट्याच्या मधोमध खळगा ठेवून त्यात तुळस लावलेली आणि एका बाजूला पणतीपुरती देवळी. चुलत्यांनी भूकरमापकाला विचारले, "हा ओटा कशात धरणार?" त्याने ओट्याकडे पाहिले, तुळशीकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, हे पोटखराब्यात जाईल. वेगळं दाखवता येत नाही."

पोटखराबा म्हणजे सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य म्हणून वेगळे काढलेले क्षेत्र. सगळ्या रानात वैशाखातही जिथे रोज तांब्याभर पाणी पडत होते, अशी ती एकच जागा, आणि कागदावर ती लागवडीस अयोग्य ठरली. माणूस जिथे जाळला किंवा पुरला तिथे झाड लावायचे आणि ते जगवायचे, या चालीचा इतिहास शोधावा असे मला वाटू लागले ते तेव्हापासून. समाधीच्या दगडांचा इतिहास आपल्याकडे थोडाफार लिहिला गेला आहे. विरगळ, सतीशिळा, छत्र्या, घुमट यांची मोजमापे झाली, शिलालेख वाचले गेले. झाडांच्या वाट्याला असे काही आले नाही. त्याला कारणही आहे. दगड कोणी न पाहताही तीनशे वर्षे टिकतो; तुळस चैत्रातले आठ दिवससुद्धा धीर धरत नाही. त्यामुळे समाधीवर आज हिरवी तुळस दिसली तर एवढे नक्की कळते की परवा-तेरवा इथे कोणीतरी येऊन गेले. शंभर वर्षांपूर्वी कोण येत होते, हे मात्र ती सांगत नाही.

आधी तुळशीचेच पाहू. तुळस लावण्यासाठी बांधलेल्या चौकोनी चौथऱ्याला आपण वृंदावन म्हणतो आणि ते घरापुढे असते. पण मराठी मुलखात वृंदावन हा शब्द स्मारकालाही लागतो. थेऊरला थोरल्या माधवरावांच्या पाठोपाठ 1772 साली रमाबाई सती गेल्या. तिथल्या त्यांच्या स्मारकाला लोक सतीचे वृंदावनच म्हणतात. माध्व संप्रदायात तर हा शब्द पूर्ण रुळला. राघवेंद्रस्वामींनी 1671 मध्ये मंत्रालय येथे जे घेतले, त्याला त्यांचे अनुयायी वृंदावनप्रवेश असेच म्हणतात. दारातले वृंदावन आणि मेलेल्या माणसाचे वृंदावन या दोहोंना एकच नाव असणे मला अर्थपूर्ण वाटते. मरणाऱ्याच्या तोंडात गंगाजळाबरोबर तुळशीचे पान ठेवतात, आणि एखाद्या गोष्टीवरचा हक्क कायमचा सोडायचा तर तिच्यावर तुळशीपत्र ठेवले असे आपण म्हणतो. निरोपाचे पान आणि सोडून देण्याचे पान एकाच झुडपाचे आहे.

हे झुडूप अल्पायुषी आहे. नीट निगा राखली तर तुळस दोन-तीन वर्षे चांगली राहते, मग खोड लाकडासारखे होते आणि पाने विरळ पडू लागतात. ती टिकवायची तर मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्या लागतात. बी धरू दिले की रोप आपले काम संपले असे समजून वाळायला लागते. बुडाशी पाणी साचून चालत नाही, कोरडे ठेवूनही चालत नाही. दगडी खळग्यातली माती लवकर तापते, म्हणून शेतातल्या समाधीवरची तुळस दारातल्या तुळशीपेक्षा जास्त निगा मागते. हे सगळे पिढ्यान्पिढ्या बायकांना ठाऊक होते. त्या खुडलेल्या मंजिऱ्या वाळवून ठेवत आणि पावसाळ्याच्या तोंडाला त्याच खळग्यात चुरगाळत. पणजोबांची तुळस असे आम्ही म्हणतो ती मुळात लावलेल्या तुळशीच्या पोटची पंचविसावी की तिसावी पिढी असेल. घराण्याची वंशावळ भाटांनी लिहिली, तुळशीची कोणी लिहिली नाही.

तुळशीला एक चुलत भावंड आहे. फालुद्यात जे काळे बी फुगून मऊ होते तो सब्जा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तुळस आणि सब्जा दोन्ही ऑसिमम या एकाच प्रजातीचे. फारसीत सब्ज म्हणजे हिरवे. त्यावरून हे नाव आले. दख्खनच्या कबरस्तानांत कबरीच्या मातीवर सब्जा लावतात. म्हणजे एकाच गावात वेशीच्या एका बाजूला समाधीवर तुळस आणि दुसऱ्या बाजूला कबरीवर सब्जा. दोन्हींची पाने चुरगाळली तर वासातले नाते लपत नाही. ही सांगड कोणी ठरवून घातली असे म्हणायला आधार नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. सुगंधी पानांचे हे कुळ मरणाशी इतरत्रही जोडले गेले आहे. कुराणात रैहान या सुगंधी वनस्पतीचा उल्लेख आहे, आणि त्यातला एक मृत्यूनंतर ईश्वराजवळ पोहोचणाऱ्यांच्या संदर्भात येतो. इटलीत चौदाव्या शतकात बोकाचिओने मारलेल्या प्रियकराचे शिर कुंडीत पुरून त्यावर याच जातीचे रोप लावणाऱ्या मुलीची गोष्ट लिहिली, आणि पुढे कीट्सने तिच्यावर काव्य केले. ती मुलगी रोपाला आसवांचे पाणी घालते. आपल्याकडे विहिरीचे घालतात, एवढाच फरक.

मुसलमानी परंपरेत कबरीवरच्या हिरव्या पानाला आधार म्हणून एक हदीस सांगितली जाते. पैगंबर दोन कबरींजवळून चालले असता त्यांनी खजुराची एक ओली फांदी मागवली, तिचे दोन भाग केले, एकेका कबरीवर एकेक खोवला आणि म्हटले की या वाळत नाहीत तोवर कदाचित या दोघांच्या यातना हलक्या होतील. हे त्या प्रसंगापुरतेच होते की इतरांनीही तसे करावे, याविषयी धर्मपंडितांत मतभेद आहेत. लोकांनी मात्र दुसरा अर्थ धरला. मला यात अडकून पडायला होते ते "वाळत नाहीत तोवर" या अटीपाशी. फांदी तोडलेली आहे, ती वाळणारच. मातीत मूळ धरणारे रोप लावले तर ती मुदत वाढते, आणि रोज पाणी घातले तर वाढतच राहते.

सब्ज्याचे सर्वांत प्रसिद्ध रोप खुलताबादला आहे. औरंगजेब 1707 मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि त्याला खुलताबादला जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात पुरले. कबर उघड्या आभाळाखाली, मातीची, आणि मातीत सब्जा. भोवतालची संगमरवरी जाळी फार नंतरची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजामाने ती बसवली. या कबरीवरून वाद पुष्कळ झाले आहेत आणि होतील. मला इथे फक्त रोपाविषयी बोलायचे आहे. बापाने बायकोसाठी ताजमहाल बांधला त्या घराण्यात मुलाची कबर मातीची राहावी हे आपल्याला विसंगत वाटते, पण तसे ते नाही. त्याची बहीण जहाँआरा 1681 मध्ये वारली; दिल्लीला निजामुद्दीन दर्ग्यात तिची कबर आहे, तीही वरून उघडी, आणि माथ्यावरच्या पोकळीत माती भरलेली. आपल्या कबरीवर गवताखेरीज दुसरे आच्छादन नको, अशा अर्थाचा लेख तिथे आहे. गवत आपण होऊन उगवते. सब्ज्याचे तसे नाही. तो हंगामी, फुलला, बी धरले की वर्षाच्या आत संपला. पडलेल्या बियांतून पावसाळ्यात पुन्हा उगवतो, पण दख्खनच्या उन्हाळ्यात कोणाचा तरी हात लागतोच. तेव्हा ज्या साधेपणाचे कौतुक होते तो मुजावराच्या रोजच्या पाण्यावर उभा असतो. आडवे पडलेले संगमरवर सांभाळायला त्याहून कमी कष्ट पडतात.

तुळस आणि सब्जा मवाळ आहेत. त्यांना जगवावे लागते. झाडाचे तसे नसते, आणि समाधीवर झाड असले की निगा राखणे म्हणजे कधीकधी झाड आवरणेही असते. आपल्या वाङ्मयातली या विषयावरची सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी गोष्ट नेमकी हीच सांगते. ज्ञानेश्वरांनी शके 1218 मध्ये, म्हणजे इसवी सन 1296 ला, कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी घेतली. तिथला अजानवृक्ष सर्वांना माहीत आहे. त्याच्या सावलीत आजही ज्ञानेश्वरीची पारायणे चालतात. समाधीनंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी पैठणला एकनाथांचा घसा दुखू लागला. स्वप्नात ज्ञानदेव आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ. नाथांच्या नावावरच्या अभंगात ही कथा येते आणि वारकऱ्यांत ती लहान मुलालाही ठाऊक आहे. नाथ आळंदीला गेले, समाधीचा शोध घेतला, मुळी दूर केली. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 ला, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

या कथेवर भाष्ये पुष्कळ आहेत. मुळी म्हणजे अपपाठ, कंठ म्हणजे ग्रंथाची वाणी, असा रूपकाचा अर्थ बहुतेक जण लावतात आणि तो पटण्याजोगा आहे. माझे म्हणणे इतकेच, की रूपकाच्या आधी साधा अर्थ पाहावा. समाधीला लागून झाड आहे. मधल्या काळात तिथे नियमित राबता राहिलेला नाही, जागा शोधावी लागते आहे. अशा ठिकाणी मुळ्या दगडांच्या सांध्यांत शिरणारच. ज्याला शेतातली समाधी सांभाळायची सवय आहे त्याला ही कथा ऐकताच कुदळ आठवते. आणि नाथांनी काय केले तेही पाहा. मुळी काढली, झाड तोडले नाही. त्या दोहोंत अंतर राखणे हीच खरी कला आहे, आणि ती मंदिराच्या जीर्णोद्धार समित्यांना अजून साधलेली नाही असे माझे मत आहे. एक तर पारावर फरशी घालून झाडाचा श्वास कोंडतात, नाही तर झाड पवित्र म्हणून भिंत फुटेपर्यंत त्याला हात लावत नाहीत.

भिंत फोडणारी झाडे बहुधा कोणी लावलेली नसतात. पिंपळ, वड, उंबर यांची फळे पक्षी खातात, बी विष्ठेतून चुनेगच्चीच्या भेगेत पडते, आणि दोन पावसाळ्यांत बोटाएवढी मुळी आत गेलेली असते. वरून छाटले तर जोमाने फुटते. मुळासकट काढायचे तर सांधा उकलून पुन्हा चुन्यात भरावा लागतो. त्यात पिंपळावर मुंजा राहतो या समजुतीने गवंडी हात लावायला कचरतो. जेम्स डग्लसने 1883 साली मुंबईविषयीच्या आपल्या पुस्तकात रायगडावरच्या शिवसमाधीची अवस्था लिहिली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत भरले ते हेच: आत माजलेले रान आणि फरसबंदीतून वर आलेली झाडे. तुळस वाळणे आणि पिंपळ उगवणे ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत.

ज्यांना रोज येणे शक्य नाही त्यांनी शोधलेली तोड म्हणजे खुरचाफा. हा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका, वेस्ट इंडीजच्या बाजूचा. इकडे तो इतका मुरला की देवचाफा होऊन बसला. कबरस्तानांत आणि ख्रिस्ती दफनभूमीत तो हटकून दिसतो. पूर्वेकडे जावा-मलायातही तो कबरींचे झाड म्हणूनच ओळखला जातो. कारण व्यावहारिक आहे. फांदी तोडून चार आठवडे सावलीत टाकून दिली तरी ती मातीत खोवल्यावर फुटते. खोडात पाणी साठवते, म्हणून उन्हाळा काढते. मुळ्या बेताच्या, त्यामुळे बाजूचे बांधकाम उखडत नाहीत. गुरे चिकाला तोंड लावत नाहीत. आणि पाने झडून फांद्या उघड्या पडल्या तरी टोकांना फुले येतात. ती खाली पडतात ती थेट कबरीवर. दूर मुंबईला गिरणीत असलेल्या मुलाच्या वतीने रोज फुले वाहणारे दुसरे झाड मला सुचत नाही. मेक्सिकोहून आलेला दुसरा पाहुणा झेंडू. त्याच्या मायदेशी नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी तो थडग्यांवर ढीगभर वाहतात. आपण त्याच सुमारास, दसरा-दिवाळीला, त्याचे तोरण दाराला बांधतो.

पाणी घालणारे घरचे कोणी उरले नाही तर काय करायचे, हा प्रश्न जुन्या राजवटींनाही पडला होता. त्यांचे उत्तर होते इनाम. देवस्थान असो वा दर्गा, पूजा, नंदादीप, झाडलोट यांसाठी जमीन तोडून द्यायची आणि ती कसणाऱ्याने वंशपरंपरेने सेवा करायची. मराठी राज्यकर्त्यांनी पिरांची इनामेही चालू ठेवली. म्हणजे समाधीवरच्या झाडाचा खर्च दुसऱ्या शेतातल्या पिकावर टाकला. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशन बसले तेव्हा सनदा तपासल्या गेल्या, आणि ज्यांच्याजवळ कागद नव्हता त्यांची जमीन धोक्यात आली. सनदेत दिवाबत्ती लिहिलेली असे. घरगुती समाधीच्या तुळशीला सनद कुठली?

युरोप-अमेरिकेने हाच प्रश्न पैशाने सोडवायचा प्रयत्न केला. 1831 मध्ये बॉस्टनजवळ माउंट ऑबर्न ही दफनभूमी तिथल्या उद्यानविद्या मंडळाने काढली. सोबत प्रयोगाची बाग असावी असा बेत होता. कुटुंबांनी जमिनीचे तुकडे विकत घेतले, त्यांना कठडे घातले, आपापल्या आवडीची झुडपे लावली. बाग चार वर्षांतच वेगळी झाली, दफनभूमी राहिली. पुढे मुले दूर गेली, तुकडे माजले, आणि एकरकमी ठेव घेऊन कायमची निगा राखण्याची पद्धत तिथल्या दफनभूमींत रूढ झाली. कायमच्या निगेत बहुधा सगळीकडे सारखे गवत आले; आजीने लावलेला गुलाब कापणीच्या यंत्राला अडचण करतो. हे सगळे इथे सांगायचे कारण मुंबईत आहे. शिवडीला कृषी-उद्यान मंडळाची अशीच एक बाग होती. 1865 मध्ये म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डच्या काळात ती जागा घेऊन युरोपियनांची दफनभूमी केली गेली. बाग आणि दफनभूमी यांचे तिथे एकत्र नांदणे ठरले नाही; एकीच्या जागी दुसरी आली. व्हिक्टोरिया टर्मिनसचा वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स तिथेच विसावला आहे. आज मुंबईतल्या दफनभूमींत जागाच एवढी कमी, की काही वर्षांनी कबर पुन्हा उघडावी लागते आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात. कोनाड्यात रोप लावता येत नाही. 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, तिथे मेणबत्ती आणि हार असतो.

इकडे पश्चिम महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत एक नवी चाल पडली आहे. सावडण्याच्या दिवशी रक्षा नदीत सोडायची नाही. शेतात खड्डा घेऊन त्यात घालायची आणि वर आंबा, नारळ किंवा चिंच लावायची. नदी स्वच्छ राहते हे कारण सांगतात. शेतकऱ्याचे आणखी एक कारण असते, ते तो बोलून दाखवत नाही: आंब्याला जग किंमत देते. पीकपाहणीत फळझाड नोंदले जाते. रस्त्यासाठी जमीन गेली तर 2013 च्या भूसंपादन कायद्यान्वये झाडांचे मूल्य वेगळे काढावे लागते. वय, घेर, उत्पन्न पाहून आकडा पडतो. आईच्या नावाचा आंबा निदान पंचनाम्यात तरी येतो. पण पहिली तीन-चार वर्षे त्या कलमालाही तुळशीइतकेच पाणी लागते, आणि दुष्काळी पट्ट्यात टँकरच्या पाण्यातली एक घागर त्याच्यासाठी बाजूला काढताना घरात वाद होतात. कलम जळाले की माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखे रडणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांना मी भाबडी म्हणणार नाही.

आमच्या ओट्याचे पुढे असे झाले. वाटणीत विहिरीचा तुकडा ज्यांच्याकडे गेला त्यांनी तो सहा वर्षांनी विकला. खरेदीखतात ओट्याचा उल्लेख नाही. घेणारा भला माणूस आहे, त्याने ओटा हलवलेला नाही. पण ठिबक केले आहे, नळ्या ओट्याला वळसा घालून जातात, आणि शेतावर माणूस आठवड्यातून दोनदा येतो. विक्रीच्या आदल्या कार्तिकात, तुळशीचे लग्न झाल्यावर, चुलती तिथे गेली होती. तिने सगळ्या मंजिऱ्या खुडल्या, पदरात बांधल्या आणि घरी येऊन चार पुड्या केल्या. एक पुण्याला गेली, एक कोल्हापूरला, एक तिच्या डब्यात राहिली. चौथी तिने नव्या मालकाच्या बायकोला नेऊन दिली आणि मृगाचा पाऊस पडला की खळग्यात टाक म्हणून सांगितले. पुण्याच्या खिडकीतली कुंडी मी सांभाळतो. गेल्या उन्हाळ्यात ती दोनदा मरता मरता वाचली. शेतावर गेल्या आषाढात जाऊन आलो, तेव्हा ओट्यावर चार बोटे उंचीची सहा-सात रोपे होती. दगडाच्या भेगेत एक पिंपळही होता, तो मी उपटला.